परदेशी विद्यापीठाबरोबर ‘माहिती समाज’ शिकवायचाय, आमच्या बाजूनं काय ठेवू?

बावड्याची मास्तरीण
८ जुलै

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊनच बसा.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, राहायला कसबा बावड्यात. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या, ऱ्हाइनकाठच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंचा मेल आला. त्यांची नि माझी ओळख एका ऑनलाइन चर्चासत्रातली. मी तिथं ऊसतोड टोळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा मिनिटं बोलले होते, ते त्यांच्या लक्षात राहिलं म्हणे. त्या ‘माहिती समाज’ (इन्फर्मेशन सोसायटी, म्हणजे माहितीच्या देवघेवीवर चालणारा समाज) हा विषय शिकवतात. प्रस्ताव असा की सहा आठवडे, आठवड्यातून एकदा दोन्हीकडची मुलं ऑनलाइन एकत्र बसवायची, चार-पाच जणांचे मिश्र गट करायचे, गटानं मिळून एक काम करायचं आणि शेवटी ते मांडायचं. कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. गुण ज्यानं त्यानं आपापल्या मुलांना द्यायचे.

ऐकून बरं वाटलं. मग आराखडा आला. अकरा लेख वाचायचे, सगळे इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात माहिती समाजावरच्या जागतिक शिखर परिषदा, २००३ ची जिनेव्हाची आणि २००५ ची ट्यूनिसची. मग कारखानदारीनंतरचा समाज कसा असेल याची सत्तरच्या दशकातली भाकितं. मग युरोपचा डेटा संरक्षण कायदा. असं करत करत सहावा आठवडा: ‘ग्लोबल साउथपुढची आव्हानं’, म्हणजे आपल्यासारख्या विकसनशील देशांपुढची. आणि त्या ओळीपुढं कंसात माझं नाव.

म्हणजे पाच आठवडे समाज त्यांचा, सहाव्या आठवड्यात आव्हान म्हणून आम्ही. बाई स्वभावानं चांगल्या आहेत, मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पण ते वाचल्यापासून घशात काहीतरी अडकलंय.

आमची मुलं चोवीस. गगनबावडा, शाहूवाडी, करवीर या तालुक्यांतली जास्त. फोन सगळ्यांकडे, घरी संगणक तिघांकडे. कॉलेजच्या लॅबमध्ये बारा मशीन, त्यातली नऊ चालतात. इंग्रजी वाचतात, पण बोलायची वेळ आली की प्रत्येकजण दुसऱ्याच्या पाठीमागं सरकतो.

आणि एक जुनी जखम. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका परदेशी विद्यापीठाशी आमचा करार झाला होता. कुठल्या ते राहू दे. फेटे झाले, शाल-श्रीफळ झालं, दारात दहा फुटी फ्लेक्स लागला. त्यानंतर एकूण एक व्याख्यान झालं, आणि त्यातली पहिली चाळीस मिनिटं आम्ही ‘आवाज येतोय का’ विचारण्यात घालवली. तो फ्लेक्स आता जिमखान्याच्या गळक्या पत्र्याखाली बांधलाय. पाऊस अडवायचं काम चोख करतो. करार पाच वर्षांचा आहे, कागदावर अजून चालूच आहे.

यंदा फ्लेक्स नको, काम पाहिजे. ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सांगा: आमच्या बाजूनं टेबलावर काय ठेवू, की आमची मुलं नुसती श्रोते होणार नाहीत? आणि परवानग्या, श्रेयांक, वेळापत्रक यांत कुठं ठेच लागते?

---

खटपट्या पुणेकर
८ जुलै

मॅडम, आम्ही हे तीनदा केलंय, दोनदा फसलंय. ठेचांचं तेवढं सांगतो.

या प्रकाराला ‘कॉइल’ (कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग) म्हणतात. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठानं २००६ मध्ये त्याचं केंद्र काढलं, तेव्हापासून हे नाव रुळलं. यातली खुबी हीच की संयुक्त पदवी नसते. दोन शिक्षक आपापल्या चालू विषयातले काही आठवडे एकत्र चालवतात, बस्स. त्यामुळे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या परदेशी सहकार्याच्या नियमावलीत शिरू नका. ती ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल, म्हणजे दोन विद्यापीठांनी मिळून चालवायच्या पदव्यांसाठी आहे. तिच्यात नॅकचे (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचे) किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात नंबर वगैरे अटी आहेत. तुमच्या प्राचार्यांना कुणी ती नियमावली दाखवून घाबरवलं तर शांतपणे सांगा, हे ते नव्हे. विभागाचा ठराव, अभ्यास मंडळाला कळवल्याचं पत्र आणि दोन्ही शिक्षकांच्या सहीचं एक पानी टिपण, एवढ्यात भागतं.

श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेब आधीच लिहून काढा. आपल्याकडं एक श्रेयांक म्हणजे वर्गातले पंधरा तास. त्यांच्याकडं एक ईसीटीएस, म्हणजे युरोपातला श्रेयांक, म्हणजे विद्यार्थ्याचं पंचवीस ते तीस तासांचं एकूण काम, घरचं वाचनसुद्धा धरून. आमच्या पहिल्या खेपेला त्यांची मुलं म्हणत होती ‘आमचे तास भरले’ आणि आपली म्हणत होती ‘अजून वर्ग कुठे झाले?’ दोघंही खरं बोलत होती.

त्यांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं, म्हणजे आपली दिवाळी नेमकी मधे येते. आणि घड्याळ! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोप घड्याळ एक तास मागं घेतं. जर्मनीशी साडेतीन तासांचा फरक असतो, तो साडेचार होतो. आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा.

तुमच्या मुख्य प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. आम्ही त्यांचीच यादी शिकवली. म्हणूनच बहुधा दोनदा फसलं.

---

वारणाकाठचा
९ जुलै

ताई, टेबलावर काय ठेवू म्हणून विचारताय? आमचं वारणानगर ठेवा की.

मी कोडोलीचा. १९९८ ला केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकार समूह यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ काढलं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं, आणि गावात संगणकाचं बूथ. त्या वेळी कोल्हापूर शहरात सायबर कॅफे शोधावा लागायचा, आणि आमच्या गावात शेतकऱ्याच्या उसाची नोंद, तोड कधी, वजन किती, खताची उधारी किती हे संगणकावर दिसायचं. माहिती समाजाच्या जगभरच्या अभ्यासात वारणेचं नाव आलंय. तुमच्या जर्मन बाईंनाही ठाऊक असेल. त्यांना ठाऊक नसेल ते आमच्या बाबांचं.

मी तेव्हा सहावीत. ऊस गेला की वजनाची स्लिप मिळायची. बाबा ती स्लिप बंडीच्या आतल्या खिशात घालायचे आणि चालत बूथवर जायचे. तिथल्या पोराला म्हणायचे, ‘बघ रं माझं वजन.’ तो आकडा सांगायचा. बाबा खिशातली स्लिप काढून ताडून बघायचे आणि परत आत ठेवायचे. मी एकदा विचारलं, आकडा खिशात असताना परत विचारायला कशाला जाता? म्हणाले, ‘दोन्हीकडं एकच हाय का ते बघतो.’

मोठमोठ्या अहवालांत लिहिलंय की बूथमुळं शेतकऱ्याला माहिती मिळाली. बाबांना माहिती नको होती, ती त्यांच्याकडं होती. त्यांना साक्षीदार पाहिजे होता.

पुढं २००६-०७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातली माणसं आली. त्यांनी बघितलं की एवढा संगणक, पण वापर दोन-चार ठरावीक कामांपुरता. मग त्यांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. चाललं की! शेतकरी घरबसल्या नंबर पाठवायचा, उत्तर यायचं. बाबांना ते आवडलं, पण एक तक्रार होती. एसएमएस आला की बोलायला समोर माणूस नसतो.

तुमच्या मुलांच्या घरातसुद्धा असले बाबा, मामा, कारखान्याचे स्लिपबॉय असतीलच. अकरा लेखांच्या शेजारी ते बसवा.

---

खडूस वाचक
९ जुलै

मी जरा वाकडं बोलतो, राग नसावा.

एक. परदेशी विद्यापीठाला अशा उपक्रमातून ‘आंतरराष्ट्रीयीकरणा’चे गुण मिळतात, तुमच्या कॉलेजला नॅकच्या फाइलसाठी फोटो मिळतो. मुलांना काय मिळतं ते आधी लिहा, मग हो म्हणा.

दोन. वर्गाचं रेकॉर्डिंग कुठं राहणार? मुलांचे चेहरे, घरं, आवाज. त्यांच्याकडं २०१८ पासून डेटा संरक्षणाचा कडक कायदा आहे, ते तुमच्याकडून संमतीपत्र भरून घेतील. आपल्याकडं २०२३ चा कायदा आहे. तुम्ही त्यांच्याकडून काय भरून घेणार?

तीन. पहिला आठवडा जिनेव्हापासून कशाला? जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून झालेल्या धार्मिक तणावानंतर कोल्हापुरात इंटरनेट बंद होतं. तुमच्या चोवीस जणांना ते आठवत असणार. यूपीआय बंद, ऑनलाइन अर्ज बंद, भाजीवाली सुट्टे मागतेय. माहिती समाज म्हणजे काय हे तो बंद पडल्यावर जेवढं कळतं तेवढं कुठल्याच लेखातून कळत नाही. शिवाय २०१२ ची फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींची अटक, ज्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेवर २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ कलम रद्द झालं, तीही महाराष्ट्रातलीच.

---

बावड्याची मास्तरीण
१० जुलै

खटपट्या, भिंतीवर लिहिलं. वारणाकाठचे दादा, तुमच्या बाबांची गोष्ट नाव न घेता वर्गात सांगितली तर चालेल ना? दोनदा वाचली. खडूसराव, राग कसला. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडं खरंच उत्तर नव्हतं, आज बाईंना विचारलं. ठरलं असं: रेकॉर्डिंग नाहीच. कुणी गैरहजर राहिला तर गटानं त्याला सांगायचं. तिसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र थोडं सांभाळून. आमच्या वर्गात त्या तणावातल्या दोन्ही बाजूंची मुलं आहेत आणि ते दिवस अजून ओले आहेत. इंटरनेट बंद होतं तेव्हा तुमच्या घरी काय अडलं, एवढंच विचारीन. का बंद झालं यावर परक्या लोकांसमोर आमच्या मुलांना उभं करणार नाही. हा माझा निर्णय, पटो न पटो.

---

बावड्याची मास्तरीण
२४ जुलै

परत मीच. काल रात्रीपासून झोप नाही. घरच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, महिला मंडळाच्या ग्रुपवर पंचगंगेच्या पुराची एकच धारा: ‘राजाराम बंधारा पाणी पातळी... इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट.’ मधेच धरणाचं, ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, प्रत्येकी १४२८ क्युसेक’. त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र, त्यावर कुणीतरी २०१९ च्या पुराचा फोटो आजचा म्हणून, त्यावर तिसऱ्याची शिवी.

पहाटे चारला आमचे सासरे उठून विचारतात, ‘जामदार क्लबपर्यंत आलं का?’ त्यांना फूट कळत नाहीत असं नाही. गूळ मार्केटात तीस वर्षं हिशेब लिहिलाय त्यांनी. पण त्यांच्या डोक्यातला पूर हा जागांनी मोजला जातो. पाणी पात्राबाहेर, मग जामदार क्लब, मग गायकवाड वाडा. मी फोनवर आकडा सांगते, ते मनात त्याची जागा करतात.

आणि अंथरुणात बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला. हेच ठेवायचं टेबलावर! पाण्याचा एक आकडा बंधाऱ्यावर जन्मतो आणि नदीकाठच्या चिखली गावातल्या म्हातारीपर्यंत पोचतो, त्याचा रस्ता. मधे कोण, कुठं बदलतो, कुठं शिळा होतो, कोण विश्वास ठेवतो. त्यांच्याकडंही नदी आहे, ऱ्हाइन. त्यांनी त्यांच्या आकड्याचा रस्ता शोधायचा.

जर्मनीत राहणारं कुणी इथं आहे का? तिकडं पुराची बातमी माणसापर्यंत कशी जाते?

---

ऱ्हाइनकाठी शाहूपुरीकर
२६ जुलै

मॅडम, मी आहे. मूळचा शाहूपुरी पाचवी गल्ली, आता चौदा वर्षं बॉनजवळ.

तुमची कल्पना तुम्हाला वाटते त्याहून नेमकी बसलीय. २०२१ चा जुलै आठवा. आपल्याकडं पंचगंगा चढली ती २२-२३ तारखेला, हायवे बंद झाला. त्याच्या आठवडाभर आधी, १४ जुलैच्या रात्री, इथं ऱ्हाइनला मिळणाऱ्या आर नावाच्या छोट्या नदीला पूर आला. एरवी पोरं गुडघाभर पाण्यात खेळतात ती नदी. त्या पुरात जर्मनीत १८० च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक त्या एका खोऱ्यातली. मी त्या आठवड्यात इथं मदतीला चिखल उपसत होतो आणि पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला आईला फोन लावत होतो, लागत नव्हता.

आणि ज्या देशाला आपण शिस्तीचा समजतो तिथं माहिती नव्हती असं नाही. युरोपच्या पूर-इशारा यंत्रणेनं काही दिवस आधीच धोका कळवला होता. तो वरून खाली येता येता कुठंतरी अडकला. आल्टेनआर गावातलं पाणी मोजायचं यंत्र तर त्या संध्याकाळी पुरानंच निकामी केलं. आकडा सगळ्यात जास्त हवा होता तेव्हा आकडाच यायचा थांबला.

त्यानंतर इथं सेल ब्रॉडकास्ट आणलं. म्हणजे टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम इशारा वाजतो, कुणाचा नंबर घ्यावा लागत नाही, ॲप लागत नाही. पहिली देशव्यापी चाचणी ८ डिसेंबर २०२२ ला झाली. ऑफिसात पन्नास फोन एकदम केकाटले. भारतात तसलीच चाचणी २०२३ मध्ये झाली, आईचा फोन वाजला तेव्हा ती देवापुढं बसली होती, तिला वाटलं फोन फुटतोय.

अजून एक, ‘नंबर घ्यावा लागत नाही’, म्हणजे कुणाची माहिती गोळा करावी लागत नाही, यावर इथली मुलं फार बोलतील, तयारीत राहा. १९८३ मध्ये इथं जनगणनेवरून मोठा विरोध झाला आणि घटना न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात निकाल दिला की स्वतःच्या माहितीवर माणसाचा स्वतःचा हक्क आहे. शाळेत शिकवतात ते. आपल्याकडं पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावात दिला गेला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हा नऊ न्यायाधीशांचा निकाल आला २०१७ ला. इकडं आधी हक्क ठरला मग यंत्र आलं, तिकडं उलट. यावर गटात भांडण लावून द्या, मजा येईल.

---

नाद खुळा
२६ जुलै

मास्तरीणबाई, प्रोजेक्ट ब्येस्ट. फक्त जर्मन पोरांना तांबडा-पांढरा ऑनलाइन कसा पाजणार तेवढं सांगा.

---

बावड्याची मास्तरीण
७ डिसेंबर

मंडळी, झालं. परवा शेवटचं सादरीकरण झालं. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, तर हिशेब देणं माझं काम.

आधी फजिती. घड्याळाचं भिंतीवर लिहिलं होतं, लक्षातही होतं. आम्ही त्यांच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या साडेतीनला भेटायचो. दिवाळीनंतरच्या पहिल्या वर्गाला मी मोठ्या शहाणपणानं मुलांना एक तास लवकर बोलावलं. त्यांनी घड्याळ मागं घेतलंय ना, मग आपणही मागं यायचं! खरं तर आमच्याकडं साडेचार वाजायला हवे होते. अडीच ते साडेचार, दोन तास चोवीस मुलं आणि मी, रिकाम्या पडद्यासमोर. गगनबावड्याच्या मुलांची सव्वापाचची एसटी होती, त्यामुळं ती पंचेचाळीस मिनिटांतच उठली. खटपट्या, हसा.

बाईंचं सांगायला हवं. मी जुलैतच स्पष्ट लिहिलं की सहाव्या आठवड्यातलं आव्हान व्हायला आम्ही येत नाही, आम्ही पहिल्या आठवड्यात पाणी घेऊन येतो. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, तुटलं. मग त्यांनी अख्खा आराखडा खोडून पाठवला, अकरा लेखांचे चार राहिले. जिनेव्हा-ट्यूनिस राहिलं, पण चौथ्या आठवड्यात गेलं. आणि गंमत म्हणजे तिथं ते जास्त रुजलं. तीन आठवडे आकड्यामागं पळालेल्या मुलांनी ‘माहिती सर्वांपर्यंत पोचावी’ हे वाक्य वाचलं आणि शाहूवाडीच्या पोरानं विचारलं, ‘किती वाजेपर्यंत?’

हे का, ते सांगते. प्रत्येकानं आपल्या घरच्या ग्रुपवरचे जुलैतल्या एका दिवसाचे पुराचे मेसेज गोळा केले होते, नावं-नंबर काढून. एका गटाकडं एकतीस जमले. त्यातल्या नऊ मेसेजमध्ये पातळी होती, पण वेळ नव्हती. ‘आत्ताची पातळी’ एवढंच. ते ‘आत्ता’ सकाळी सातला बावड्यातून निघालं आणि रात्री अकराला शिरोळच्या मावशीकडं ‘आत्ता’ म्हणूनच पोचलं.

जर्मन मुलांनी ते मेसेज यंत्रानं भाषांतर करून वाचले. ‘पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर’ याचं यंत्रानं ‘भांड्यातून पाणी सांडलं’ असं केलं. त्यांना कळेना, भांड्यातून पाणी सांडलं म्हणून एवढे लोक घाबरले का. माझी दोन सगळ्यात लाजाळू पोरं, जी सप्टेंबरपर्यंत तोंड उघडत नव्हती, ती एकदम पुढं झाली. पात्र म्हणजे भांडं, पात्र म्हणजे नदीची कूस, पात्र म्हणजे नाटकातला माणूस, हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून सांगितलं. त्या दिवसापासून इंग्रजीचा प्रश्न मिटला नाही, पण त्याची भीती गेली. कारण पहिल्यांदाच असं काहीतरी होतं जे समोरच्यांना येत नव्हतं आणि यांना येत होतं.

चिखलीच्या मुलीनं आजीची मुलाखत घेतली. आजीचं म्हणणं, आकडा काय करायचाय, देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की म्हशी सोडायच्या, हे सासूनं सांगितलंय. मग २०१९ ला का अडकलात? आजी म्हणाली, ‘पायरी रात्री दोनला बुडाली. बघायला कोण जाणार?’ पलीकडच्या एका मुलीनं हे ऐकून कॅमेरा बंद केला. नंतर कळलं, तिच्या आजोबांचं घर त्या आर नदीच्या खोऱ्यात होतं. तेही रात्रीच गेलं. आजोबा वाचले. त्या दोघींनी पुढचे तीन आठवडे वर्गाबाहेरही काम केलं, मी मधे पडले नाही.

शाहूपुरीकर, तुमचं जनगणनेचं भांडण लावलं. आमच्या मुलांनी सहज सांगितलं की सिम घेताना, शिष्यवृत्तीला, सगळीकडं आधारची झेरॉक्स देतो. समोर शांतता. मग एका जर्मन पोरानं ऐटीत सांगितलं की तो असली माहिती कुणाला देत नाही. आमचा एकजण म्हणाला, ‘मग पुरात मदत कुणाच्या खात्यावर जमा करायची?’ तास तिथंच संपला, उत्तर कुणाकडंच नव्हतं. मला तो तास सगळ्यात आवडला. वारणेच्या बाबांचं ‘दोन्हीकडं एकच हाय का ते बघतो’ हे वाक्य आता त्यांच्या एका गटाच्या पोस्टरवर जर्मनमध्ये आहे.

आणि आता एक नवीनच काम लागलंय. एका गटानं आमची धोका पातळी मीटरमध्ये केली. ४३ फूट म्हणजे १३ मीटरच्या वर. जर्मन मुलं हादरली, कारण कोलोनला ऱ्हाइन ८.३० मीटरला गेली की जहाजं थांबवतात. म्हणजे तुमची नदी आमच्या ऱ्हाइनपेक्षा खोल? मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, थांबा, कोलोनच्या मोजपट्टीचं शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, तळ त्याच्याही खाली आहे. तुमचं शून्य कुठं आहे?

चोवीस मुलं माझ्याकडं बघायला लागली. मी बावड्यात राहते. बंधारा माझ्या दारातून चालत दहा मिनिटं. एकोणीस वर्षं दर पावसाळ्यात तो आकडा वाचतेय, आणि शून्य कुठं आहे हे मला माहीत नव्हतं.

रविवारी सहा मुलांना घेऊन गेले. पाणी उतरलेलं, म्हशी बसलेल्या, पट्टीवरचे फुटांचे आकडे वरच्या बाजूला स्वच्छ आणि खाली शेवाळात गेलेले. धुणं धुणाऱ्या बायकांनी विचारलं, काय हरवलं का? खालचा आकडा काही दिसला नाही. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, वर्गातच, फळ्यावर मसुदा करून. शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आणि ३९ व ४३ या पातळ्या कशावरून ठरल्या, एवढे दोनच प्रश्न. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिखलीच्या मुलीनं आणला, पैसे घेतले नाहीत. ५ तारखेला अर्ज दिला, पोच घेतली. तीस दिवस ४ जानेवारीला होतात. काही आलं तर इथं टाकते.